गाडी ‘बंद’ केली म्हणजे नेमकं काय बंद केलं?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

या वेळी प्रश्न घरचाच घेऊ. गाडी बंद केली, किल्ली काढली, दार लावलं, तरी आतला दिवा जळतोच आहे. किंवा डॅशबोर्ड अजून उजळलेला आहे. असं का होतं?

गॅरेजमध्ये विचारलंत तर उत्तर लगेच मिळेल. दाराचा स्विच अडकलाय, रिले चिकटलाय, नाहीतर एखादं मॉड्यूल झोपत नाहीये. तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. पण तुम्हाला तंत्रज्ञानाच्या इतिहासात काम करायचंय, तर उत्तराकडे धावण्याआधी प्रश्नातला एक शब्द पकडा: ‘बंद केल्यावरही’. किल्ली फिरवली की गाडीतली सगळी वीज थांबते, असं आपण इथे गृहीत धरलेलं आहे. हे गृहीतक आलं कुठून? आणि ते कधी खरं होतं का?

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ‘बंद’ हा शब्द तोच राहिला, पण त्याच्याखालची वस्तू बदलत गेली. शब्द टिकतो आणि वस्तू बदलते, तेव्हा माणसं फसतात. कधी नुसती बॅटरी बसते, कधी जीव जातो. दोन्हीची उदाहरणं पुढे येतील.

दिवा वेगळा, इंजिन वेगळं

सुरुवातीच्या मोटारींमध्ये दिवे विजेचे नव्हतेच. पुढचे मोठे दिवे बहुतेक कार्बाईडवर चालायचे. कॅल्शियम कार्बाईडवर पाणी ठिबकवलं की ॲसिटिलिन वायू तयार होतो, तो पेटवायचा. विझवायचा असेल तर उतरून झडप बंद करायची. इंजिन थांबवल्यावर दिवा का जळतोय, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसता. कंदिलाचा आणि घोड्याचा जेवढा संबंध, तेवढाच दिव्याचा आणि इंजिनाचा.

इंजिन थांबवण्याची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. त्या काळच्या अनेक गाड्यांत ठिणगीसाठी मॅग्नेटो असायचा. इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज तयार करणारं हे चुंबकी यंत्र. बॅटरीची गरज नाही. मग असं इंजिन थांबवायचं कसं? मॅग्नेटोची एक तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकवायची, म्हणजे अर्थ करायची. वीज ठिणगीकडे जाण्याऐवजी सांगाड्यातून निघून जाते आणि इंजिन थांबतं. नीट बघा, इथे बंद करणं म्हणजे तार तोडणं नसून तार जोडणं आहे.

हे फार लांबचं वाटत असेल तर घरातल्या मोठ्यांना जुन्या, बॅटरी नसलेल्या बजाज चेतकबद्दल विचारा. रेस वाढवली की हेडलाईट उजळायचा, सिग्नलला स्कूटर उभी राहिली की मंद व्हायचा. इंजिन थांबलं की दिवा गेला. दिवा इंजिनाच्या जिवावर होता, त्यामुळे मागे राहण्याचा प्रश्नच नव्हता.

१९१२: दिवा मागे राहू लागला

१९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग आणि त्यांच्या डेटनमधल्या डेल्को कंपनीने विजेवर चालणारा स्टार्टर बसवला. हँडल मारण्याचं धोक्याचं काम गेलं, हे सगळे सांगतात. आपल्यासाठी महत्त्वाचं वेगळं आहे. स्टार्टर चालवायचा तर गाडीत दमदार बॅटरी हवी आणि ती भरणारं जनित्र हवं. एकदा ही जोडी आली की स्टार्टर, ठिणगी आणि दिवे यांना एकाच साठ्यातून वीज मिळू लागली.

साठा आला म्हणजे इंजिन थांबल्यावरही वीज शिल्लक राहणार. आपला आजचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे शक्य झाला. प्रबंधात अशी जागा शोधण्याची सवय ठेवा. एखादी तक्रार लोक कधी करू लागले, याच्याआधी ती तक्रार कधी शक्य झाली, हे विचारायचं.

किल्लीच्या हुकमाबाहेरचे दिवे

आता वाटेल की बॅटरी आली, म्हणजे सगळी वीज किल्लीतून जाऊ लागली असेल. तसं झालं नाही. किल्ली मुळात ठिणगीच्या मंडलासाठी होती. स्टार्टरसाठी बरीच वर्षं वेगळं बटण किंवा पायाने दाबायचा खटका असायचा. किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करण्याची सोय क्रायस्लरने १९४९ च्या गाड्यांत आणली आणि मग ती रूढ झाली. ‘किल्ली म्हणजेच गाडी’ ही आपली भावना त्यानंतरची आहे.

दिवे बऱ्याच अंशी किल्लीच्या बाहेरच राहिले, आणि त्याला कारणं होती. छतातला दिवा घ्या. त्याचं काम काय? किल्ली लावायच्या आधी आणि काढल्यानंतर उजेड देणं. तो किल्लीच्या ताब्यात देऊन चालणारच नाही. म्हणून जुन्या गाड्यांत त्याला बॅटरीची तार थेट गेलेली असते आणि दाराच्या चौकटीतला छोटा स्विच त्याची अर्थची बाजू जोडतो-तोडतो. दार उघडलं की स्विचची पिन बाहेर येते आणि दिवा लागतो. ती पिन गंजून अडकली की दार लावूनही दिवा चालू. यात किल्लीचा संबंधच नाही.

पार्किंग लाईटचं कारण कायद्यात सापडतं. ब्रिटनच्या १९२७ च्या वाहनदिव्यांच्या कायद्यानुसार अंधारात रस्त्यावर असलेल्या वाहनाला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा होता, वाहन चालतं असो की उभं. म्हणजे इंजिन बंद असतानाही हे दिवे लागायला हवेत, अशी कायद्याचीच अपेक्षा होती. जर्मन गाड्यांमध्ये तर अजून एक गोष्ट सापडते. गाडी बंद केल्यावर इंडिकेटरची दांडी डावीकडे किंवा उजवीकडे राहिली, तर त्या बाजूचे पार्किंग दिवे लागतात. अंधाऱ्या रस्त्याकडेला उभी गाडी रहदारीच्या बाजूने दिसावी म्हणून ही सोय आहे. ज्याला ठाऊक नाही तो मालक वायरिंग खराब झालं म्हणून गॅरेज गाठतो.

आणि डॅशबोर्ड? काट्यांमागचा उजेड बहुतेक गाड्यांत पार्किंग लाईटच्याच मंडलावर असतो. पण तेलाचा, चार्जिंगचा असे इशाऱ्याचे दिवे किल्लीच्या मंडलावर. म्हणून ‘डॅशबोर्डचा लाईट चालू राहतो’ हे एक वाक्य दोन वेगळ्या तक्रारी लपवतं. नुसता मागचा उजेड राहिला असेल तर पार्किंग लाईटच्या स्विचकडे बघा. इशाऱ्याचे दिवे राहिले असतील तर किल्लीमागचा इग्निशन स्विच किंवा त्याचा रिले सुटलेला नाही. मुलाखती घेताना हे लक्षात ठेवा. माहिती देणाऱ्याचं एक वाक्य म्हणजे एकच घटना असं नसतं.

आकड्यांची भाषा

या विषयाचं सर्वांत बोलकं साधन म्हणजे वायरिंगचा नकाशा. जर्मन मानक डीआयएन ७२५५२ मध्ये गाडीतल्या प्रत्येक प्रकारच्या जोडणीला क्रमांक दिलेला आहे. ३० म्हणजे बॅटरीतून थेट येणारी, कधीच न थांबणारी वीज. ३१ म्हणजे अर्थ. १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर मिळणारी वीज. ५० म्हणजे स्टार्टरकडे जाणारी. ५८ म्हणजे पार्किंग आणि मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचा उजेड.

हे पाच आकडे हातात आले की जुन्या गाडीचा नकाशा कायद्याच्या पुस्तकासारखा वाचता येतो. कोणता दिवा ३० वर, कोणता १५ वर? म्हणजे कोण किल्लीच्या हुकमात आणि कोण बाहेर? जी गाडी आपल्याला ‘बंद’ दिसते, तिच्यात ३० नंबरची तार कायम जागी असते.

जागं राहण्याची किंमतही मोजता येते. समजा १२ व्होल्टची, ४५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी आहे. छतातला ५ वॉटचा एक बल्ब साधारण ०.४ ॲम्पिअर घेतो. म्हणजे कागदावर बॅटरी पूर्ण रिकामी व्हायला साडेचार दिवस. पण अर्धी उतरल्यावरच जुनी बॅटरी स्टार्टर फिरवायला कुरकुरू लागते, तेव्हा दोन दिवस धरा. पार्किंगचे चार आणि नंबरप्लेटचा एक, असे ५ वॉटचे पाच बल्ब राहिले तर दोन ॲम्पिअरच्या वर जातात. अर्धी बॅटरी दहा तासांत, म्हणजे एका रात्रीत गेली. सकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून धक्का मारायचा, हा अनुभव महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी घेतलेला आहे. त्यात गूढ काही नाही, भागाकार आहे.

उशीर ही सोय झाली

१९६४ मध्ये कॅडिलॅकने ‘ट्वायलाईट सेंटिनल’ नावाची सोय आणली. अंधार पडला की हेडलाईट आपोआप लागायचे. आणि गाडी बंद केल्यावर काही वेळ चालू राहून मग विझायचे, म्हणजे घराच्या दारापर्यंत उजेड मिळावा. किती वेळ, ते मालकाने ठरवायचं.

इथे अर्थ पहिल्यांदा उघडपणे बदलला. आधी बंद केल्यावर जळणारा दिवा म्हणजे विसरभोळेपणा किंवा बिघाड. आता तोच दिवा श्रीमंती गाडीची खूण. पुढे हळूहळू मंद होत विझणारा छतदिवा, किल्ली काढल्यावरही दार उघडेपर्यंत चालणाऱ्या काचा आणि रेडिओ, हे सगळं याच वाटेने आलं. दृश्य तेच, पण ते दोष आहे की सोय, हे उजेडाकडे बघून कळत नाही. त्यासाठी त्या वर्षीचं मालकाला दिलेलं पुस्तक उघडावं लागतं.

तारेचा निरोप झाला

१९८० च्या दशकापर्यंत गाडीत इतकी विजेची उपकरणं आली की प्रत्येकाला वेगळी तार नेणं जड, महाग आणि किचकट झालं. बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉईटला ‘कॅन’ ही पद्धत जाहीर केली. तारांच्या एका जोडीवर सगळी मॉड्यूल्स एकमेकांना निरोप पाठवतात. १९८७ मध्ये त्यासाठीच्या चिप्स आल्या, १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ही पद्धत प्रत्यक्ष दिसली आणि १९९३ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं.

आता १५ नंबरचं काय झालं ते बघा. जुन्या गाडीत १५ ही तार होती. किल्ली फिरवली की तिच्यात वीज यायची, काढली की जायची. नव्या गाडीत किल्ली किंवा बटण एका मॉड्यूलला कळवतं, आणि ते मॉड्यूल बाकीच्यांना निरोप देतं: ‘१५ चालू’ किंवा ‘१५ बंद’. क्रमांक तोच राहिला, पण तार जाऊन बातमी आली. तार तुटली की दिवा विझणारच, त्याचं मत कुणी विचारत नाही. बातमीचं तसं नसतं. ती पोचावी लागते, ऐकणाऱ्याने मानावी लागते आणि मग त्याने स्वतःहून झोपावं लागतं.

म्हणून नवी गाडी ‘बंद’ होत नाही, ती हळूहळू झोपी जाते. दार लागलं, कुलूप लागलं, काही वेळ कुणी काही बोललं नाही, की एकेक मॉड्यूल झोपतं. सगळं नीट झोपल्यावरही घड्याळ, चोरीचा अलार्म आणि रिमोटची वाट बघणारा भाग मिळून थोडी वीज घेतातच. ती साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या आत असावी असं मेकॅनिक धरतात. आपल्या ४५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला हे अडीच आठवडे तरी सहज पेलतं. पण एखादं मॉड्यूल जागंच राहिलं, त्याने इतरांनाही जागं ठेवलं आणि मिळून एक ॲम्पिअर गेला, तर दुसऱ्या दिवशी गाडी उठत नाही.

इथे काळाच्या टप्प्यांबद्दल एक सावधगिरी. १९९१ मध्ये मर्सिडीजमध्ये निरोप धावू लागले, तेव्हा मुंबईत प्रीमियर पद्मिनी बनतच होती, मूळ फियाट ११०० वरून आलेली, साध्या तारांची गाडी. एकाच वर्षी ‘बंद’चे दोन अर्थ रस्त्यावर होते. त्यामुळे ‘१९९१ नंतर बदल झाला’ असं सरसकट लिहू नका. कुठे, कुणासाठी, कोणत्या गाडीत, हे जोडा.

मेकॅनिकच्या हातातला इतिहास

हा बदल कागदपत्रांइतकाच कामाच्या सवयींत दिसतो. जुना ऑटो इलेक्ट्रिशियन टेस्ट लॅम्प घेऊन बसायचा. बॅटरीची एक तार सोडवायची, मध्ये बल्ब जोडायचा, बल्ब उजळला की कुठेतरी वीज जातेय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझला, तिथे चोर.

हीच रीत नव्या गाडीवर वापरली तर फसगत होते. बॅटरीची तार सोडवून पुन्हा जोडली की सगळी मॉड्यूल्स जागी होतात आणि मोजमाप खोटं येतं. फ्यूज काढून परत लावला तरी तेच. म्हणून जाणकार मेकॅनिक आता तार न सोडवता क्लॅम्प मीटर लावतो, दार उघडं ठेवून त्याच्या लॅचची जीभ स्क्रूड्रायव्हरने फिरवतो, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटतं, आणि अर्धा-पाऊण तास नुसता थांबतो. गाडी झोपण्याची वाट बघणं हे आता कौशल्याचा भाग आहे. कामगारांच्या ज्ञानावर काम करायचं असेल तर या थांबण्याचा अभ्यास करा. कारखान्याच्या जाहिरातीत तो सापडणार नाही.

आणखी एक नमुना. जुना बल्ब काढून एलईडी लावला की कधीकधी तो बंद केल्यावरही मंद उजळत राहतो. लोक म्हणतात, एलईडीने बिघाड केला. पुष्कळदा मंडलातून अगदी थोडी वीज आधीपासूनच झिरपत असते. तारेच्या जुन्या बल्बला ती पुरत नव्हती, एलईडीला पुरते. नवं साधन आल्यावर जे दिसलं ते नवं असेलच असं नाही, हे आपल्या अभ्यासातही खरं आहे.

शब्द तोच राहिल्याची किंमत

दिव्यामुळे फार तर बॅटरी बसते. पण हाच ‘बंद’चा घोळ जिवावर कसा बेततो, त्याची दोन उदाहरणं नोंदवून ठेवा.

पहिलं उलट्या बाजूचं आहे. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने लाखो गाड्या परत बोलावल्या. त्यांचा इग्निशन स्विच ढिला होता. धक्क्याने किंवा जड जुडग्याच्या वजनाने किल्ली चालत्या गाडीत ‘चालू’वरून ‘ॲक्सेसरी’वर सरकायची. इंजिन थांबायचं, स्टीअरिंगची मदत जायची आणि अपघात झाला तर एअरबॅग फुगायची नाही. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कारण शोधायला इतका वेळ का लागला? २००६ मध्ये स्विचचा आराखडा बदलला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. कागदावर जुना आणि नवा स्विच एकच होता. एका खटल्यात दोन स्विच शेजारी ठेवून तपासले, तेव्हा आतला फरक समोर आला. नाव तेच, वस्तू वेगळी. आपला सगळा विषय त्या एका पार्ट नंबरात आहे.

दुसरं उदाहरण किल्लीऐवजी बटण असलेल्या गाड्यांचं. पूर्वी किल्ली हातात आली म्हणजे इंजिन बंद, असा हिशोब होता. रिमोट खिशात ठेवून उतरता येऊ लागलं आणि इंजिन शांत झालं, तेव्हा हा हिशोब मोडला. अमेरिकेत घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये गाड्या चालू राहिल्या, कार्बन मोनॉक्साईड घरात शिरला. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये, २००६ पासून असे किमान २८ मृत्यू झाल्याचं छापलं. या लोकांना बेसावध म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या हातांना जी सवय लागली होती, ती जुन्या वस्तूने अनेक दशकं लावलेली होती.

तुमच्या प्रस्तावासाठी

यातून तुमच्या सिनॉप्सिससाठी तीन कामाच्या गोष्टी.

एक, प्रश्नातला सर्वांत निरुपद्रवी शब्द निवडा आणि त्याचा इतिहास विचारा. ‘दिवा’, ‘बॅटरी’ यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ‘बंद’वर लिहिणारे कमी.

दोन, एकाच साधनाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या शेजारी ठेवा. एकाच गाडीचं मालकपुस्तक दहा-दहा वर्षांच्या अंतराने घ्या आणि ‘गाडी सोडून जाताना’ हे एकच पान वाचा. आधी ‘दिवे बंद करायला विसरू नका’ अशी सूचना, मग ‘दिवे राहिल्यास आवाज येईल’, मग ‘दिवे आपोआप विझतील, काळजी नको’. जबाबदारी माणसाकडून यंत्राकडे कशी सरकली हे अशा पानांवर दिसतं. पेटंट, खटल्यांचे कागद आणि वायरिंगचे नकाशे त्याच्या जोडीला घ्या.

तीन, तक्रारीला पुरावा माना. ‘माझी गाडी बंद होत नाही’ म्हणणारा माणूस अडाणी नाही. तो जुना अर्थ घेऊन नव्या वस्तूसमोर उभा आहे. दोन अर्थांमधली ती फट म्हणजे तुमचं संशोधनाचं क्षेत्र.

सराव म्हणून आपल्याच घरातली एखादी वस्तू घ्या. टीव्हीचा लाल ठिपका, राउटर, मायक्रोवेव्हचं घड्याळ, काहीही. ‘बंद’ असताना ती काय काय करते याची यादी करा, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या सोयीसाठी चालू आहे ते समोर लिहा. यादीतल्या ज्या ओळीपुढे तुम्हाला नाव लिहिता येणार नाही, तिथून प्रस्तावाला सुरुवात करा.